‘हे बोलतायत की गोळी बोलते आहे?’ : नैराश्यावरील औषध आणि स्वभावबदलाचे एक प्रकरण

पार्श्वभूमी

या प्रकरणातील गृहस्थांचा उल्लेख येथे श्री. म. असा केला असून ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. उपचार सुरू झाले तेव्हा त्यांचे वय ४६ होते. घर ठाण्यात नौपाड्याला, नोकरी वाशीला. न्हावाशेवा बंदरातून आयातदारांचा माल सोडवून देणाऱ्या एका कंपनीच्या हिशेब विभागात ते अनेक वर्षे होते आणि त्यांच्या कामाबद्दल कोणाचीही तक्रार नव्हती. असलीच तर ती त्यांची स्वतःची. जीएसटीचे विवरणपत्र भरून झाल्यावरही रात्री उठून लॅपटॉप उघडायचा आणि भरलेले आकडे पुन्हा ताडून पाहायचे, ही सवय त्यांना नैराश्याच्या कितीतरी आधीपासून होती.

घरच्यांच्या भाषेत ते भिडस्त. सोसायटीच्या वार्षिक सर्वसाधारण सभेला जायचे, हजेरीवर सही करून शेवटच्या रांगेत बसायचे आणि ठराव कोणताही असो, हात वर करायचा. गुहागरजवळच्या वडिलोपार्जित घराची व्यवस्था थोरले बंधू पाहत असत. कौले परतण्याचा किंवा विहिरीवरच्या पंपाच्या दुरुस्तीचा जो आकडा दादा फोनवर सांगतील, तो श्री. म. त्याच रात्री पाठवून देत. ज्याचा दिवस पावत्या तपासण्यात जातो त्याच्या मनात हिशेब मागण्याचा विचार येत नसेल असे नाही, पण तो ओठांवर कधी आला नव्हता.

माघात त्यांची आई गेली. दिवसकार्य, बँकेची कामे, नातेवाइकांची ये-जा हे सारे त्यांनी नीट पार पाडले. त्यानंतर तीन-चार महिन्यांनी, इतरांच्या दृष्टीने दुःख ओसरायला हवे होते त्या सुमारास, त्यांची प्रकृती ढासळू लागली. पहाटे तीनला जाग येऊन पुन्हा झोप न लागणे, जेवणावरची वासना उडणे आणि साध्या बेरजेत चूक होणे ही लक्षणे दिसू लागली. कुटुंबाच्या डॉक्टरांनी थायरॉइड, बी-१२ आणि हिमोग्लोबिन तपासले. बी-१२ थोडे कमी होते म्हणून इंजेक्शने झाली, पण मनःस्थिती सुधारली नाही. मानसोपचारतज्ज्ञांचे नाव निघाल्यावर आणखी काही आठवडे गेले, कारण एका नातेवाइकाने ‘ठाण्यात राहून ठाण्याला जायचे काय’ असा विनोद केला. १९०१ पासून येथे असलेल्या मनोरुग्णालयामुळे हा विनोद मुंबई परिसरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे आणि त्याने किती उपचार लांबवले असतील, याची मोजदाद कोणी केलेली नाही.

ऑगस्टच्या सुरुवातीला पहिली भेट झाली. नैराश्याची तीव्रता मोजणाऱ्या, नऊ प्रश्नांच्या पीएचक्यू प्रश्नावलीवर त्यांचे गुण २७ पैकी १८ होते, म्हणजे मध्यम ते तीव्र यांच्या सीमेवर. जगणे नकोसे वाटते का, हे मानसोपचारतज्ज्ञांनी आडवळण न घेता विचारले. असे विचार येतात, मात्र तसे काही करण्याचा बेत नाही, असे उत्तर मिळाल्यावर पत्नीला विश्वासात घेतले गेले आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक दोघांच्या फोनमध्ये नोंदवला गेला. एस्सिटॅलोप्रॅम हे नैराश्यरोधक औषध ५ मिलिग्रॅमने सुरू करून आठवड्याने १० मिलिग्रॅम करण्यात आले. समुपदेशनासाठी ते माझ्याकडे येऊ लागले ते त्यानंतर.

समस्या

पहिले दहा दिवस मळमळ आणि अस्वस्थता होती. तिसऱ्या आठवड्यात झोप सुधारली, पाचव्या आठवड्यात भूक परतली आणि सातव्या आठवड्यात प्रश्नावलीवरील गुण ७ वर आले. हे सगळे अपेक्षेप्रमाणे होते. अपेक्षित नव्हते ते सप्टेंबरअखेरच्या सोसायटीच्या सभेत घडले. चिटणीसांनी जमाखर्च वाचून ‘काही प्रश्न?’ असे रिवाजाप्रमाणे विचारले आणि अहवाल मिटायला घेतला, तेव्हा शेवटच्या रांगेतून श्री. म. उभे राहिले. लिफ्टच्या देखभालीच्या करारात जीएसटी धरलेला असताना तोच कर खालच्या ओळीत पुन्हा कसा आला, असे त्यांनी विचारले. आवाज चढलेला नव्हता, शब्द अडखळत नव्हते. आकडा खरोखरच दोनदा धरला गेला होता. सभेनंतर दोघे-तिघे त्यांच्याशी हात मिळवून गेले आणि पत्नी मात्र घरी येईपर्यंत एक शब्द बोलल्या नाहीत.

त्याच पंधरवड्यात दादांचा फोन आला. पावसात परसातला गडगा कोसळला होता आणि निम्मा खर्च हवा होता. ‘दादा, बिले व्हॉट्सॲपवर टाक, मग लगेच पाठवतो,’ असे श्री. म. म्हणाले. दादांनी फोन ठेवला आणि दुसऱ्या दिवशी श्री. म. यांच्या पत्नीकडून गोळ्यांची गोष्ट काढून घेतली. ‘औषधांनी त्याचे डोके फिरले आहे’ हे वाक्य त्यानंतर नात्यात फिरू लागले. दादांनी दवाखान्यातही फोन करून ‘डोस जास्त झालाय का’ अशी चौकशी केली. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या कलम २३ नुसार रुग्णाला गोपनीयतेचा हक्क आहे, त्यामुळे ही व्यक्ती येथे उपचार घेते की नाही, हेही त्यांना सांगण्यात आले नाही.

पत्नीचा प्रश्न अधिक प्रामाणिक होता आणि अधिक अवघडही. पुढच्या भेटीत त्या म्हणाल्या, ‘हे बरे झाले, खातात-पितात, झोपतात, याचा मला आनंद आहे. पण हे बोलतायत की गोळी बोलते आहे? बावीस वर्षे ज्यांच्याशी संसार केला ते हे नव्हेत.’ श्री. म. शेजारी बसून ऐकत होते. त्यांचे उत्तर असे : ‘मला तर उलट वाटते आहे. आधी जे होते तेच मी नव्हतो.’

दोघांनाही एकाच वेळी बरोबर ठरवणे शक्य नव्हते, आणि चूक ठरवण्याची घाई करणे हितावहही नव्हते.

पहिला निर्णय : हा बदल आजाराचा आहे का?

स्वभावाचा विचार करण्याआधी एक वैद्यकीय शक्यता तपासणे आवश्यक होते. ज्यांचा नैराश्य म्हणून ओळखलेला आजार प्रत्यक्षात द्विध्रुवी, म्हणजे नैराश्य आणि उन्माद अशा दोन्ही टोकांना जाणारा असतो, अशा व्यक्तींमध्ये नैराश्यरोधक औषधामुळे सौम्य उन्मादाची अवस्था उद्भवू शकते, आणि घरच्यांना ती ‘एकदम मोकळा झाला’ अशीच दिसते. पहिल्या भेटीत कुटुंबातील अशा आजाराची आणि पूर्वीच्या अशा दिवसांची चौकशी झालेली होती व तसे काही आढळले नव्हते. तरीही दोन आठवडे झोपेची नोंद ठेवायला सांगितले. श्री. म. रोज साधारण सात तास झोपत होते, आणि झोप कमी झाली तर दुसऱ्या दिवशी थकत होते. उन्मादात झोप कमी होऊनही उत्साह टिकतो, तसे येथे नव्हते. खर्च वाढला नव्हता, बोलण्यात भरधाव वेग नव्हता, मध्येच थांबवले तर ते थांबत होते. सभेत विचारलेला प्रश्नही नेमका आणि तपासून घेतलेला होता. मानसोपचारतज्ज्ञांनी ही शक्यता बाजूला ठेवली, पण पुढच्या प्रत्येक भेटीत झोपेची चौकशी चालू ठेवली.

उरला तो स्वभावाचा प्रश्न. याबाबत उपयोगी पडेल असा पुरावा आहे. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातील टोनी टँग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये नैराश्य असलेल्या २४० प्रौढांचा अभ्यास प्रसिद्ध केला. काहींना एस्सिटॅलोप्रॅमच्याच वर्गातील पॅरॉक्सेटिन, काहींना नुसती साखरेची गोळी आणि काहींना विचारांच्या सवयी बदलणारी बोधात्मक उपचारपद्धती देण्यात आली होती. नैराश्यातली सुधारणा सारखी असलेल्या व्यक्तींची तुलना केली, तेव्हाही औषध घेणाऱ्यांमध्ये चिंताळूपणा अधिक उतरलेला आणि बहिर्मुखता अधिक वाढलेली दिसली. याचा अर्थ, मन प्रसन्न झाले म्हणून माणूस बोलू लागला, एवढ्या एकाच स्पष्टीकरणावर भागत नाही. पत्नीला काहीतरी वेगळे जाणवत होते ते भ्रम म्हणून झटकून टाकण्याजोगे नव्हते. त्याच अभ्यासातील आणखी एक निष्कर्ष येथे महत्त्वाचा ठरला : औषधाने बरे झालेल्यांपैकी ज्यांचा चिंताळूपणा अधिक कमी झाला, त्यांचे नैराश्य उलटण्याचे प्रमाण कमी होते.

मात्र याला दुसरी बाजू आहे. नैराश्यात असलेला माणूस स्वतःच्या स्वभावाविषयी जे सांगतो, त्यावर नैराश्याचीच छाया असते. म्हणून आजारपणातली उत्तरे ‘मूळ स्वभाव’ म्हणून धरता येत नाहीत. येथे तर आजारापूर्वीची कोणतीही लेखी नोंद नव्हती. पत्नी आणि मुलगी यांच्या आठवणींवरच भिस्त होती, आणि त्या दोघींच्या आठवणी जुळत नव्हत्या. मुलगी म्हणाली, ‘बाबा माझ्याशी असेच बोलायचे. फक्त बाहेर गप्प असायचे.’ माझ्या मते साऱ्या प्रकरणातील सर्वांत उपयुक्त माहिती याच एका वाक्यातून मिळाली.

समोरचे पर्याय

कुटुंबाची इच्छा डोस निम्मा करण्याची होती. तसे केले असते तर घरातला ताण लगेच उतरला असता, पण सातव्या आठवड्यात, म्हणजे सुधारणा नुकतीच पायावर उभी राहत असताना, नैराश्य परतण्याचा धोका होता. शिवाय ही तक्रार रुग्णाची नव्हती. ज्याला हिशेब द्यावा लागणार होता, त्याची होती आणि ज्यांना नव्या वागण्याची सवय नव्हती, त्यांची होती. दुसरा पर्याय काहीही न बदलता वाट पाहण्याचा. तिसरा पर्याय डोस तोच ठेवून औषधाने आलेला मोकळेपणा सरावासाठी वापरण्याचा होता. त्यात वेळ जाणार होता, दर आठवड्याला संध्याकाळची गाडी पकडून दवाखान्यात यावे लागणार होते, आणि त्याचा लाभ होईलच अशी हमी देता येत नव्हती.

निवडला गेला तो तिसरा पर्याय, आणि त्यामागचे कारण श्री. म. यांना नीट समजणे आवश्यक होते. त्यांच्या मनात एक वेगळीच कल्पना घट्ट बसलेली होती. ‘तुमच्या मेंदूत सेरोटोनिन (पेशींमध्ये निरोप पोहोचवणारे एक रसायन) कमी झाले आहे, गोळीने ते भरून निघेल’ असे त्यांना आधी कोणीतरी सांगितले होते. हिशेबाच्या माणसाला हे चटकन पटले आणि त्यातून त्यांनी दोन निष्कर्ष काढले : आपल्यात मुळात तूट आहे, आणि गोळी बंद झाली की तूट पुन्हा दिसणार.

मेंदूबद्दल त्यांना काय सांगितले

नैराश्य म्हणजे सेरोटोनिनची कमतरता, या समजाला सुसंगत पुरावा मिळत नाही, असे २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका व्यापक आढाव्यात दिसून आले. औषधे उपयोगी पडत नाहीत असा मात्र त्याचा अर्थ होत नाही. २०१८ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या विश्लेषणात ५२२ चाचण्या आणि एक लाख सोळा हजारांहून अधिक रुग्ण होते, आणि तपासलेली सर्व २१ नैराश्यरोधक औषधे निष्क्रिय गोळीपेक्षा सरस ठरली, जरी सरासरी फरक माफक होता. औषध उपयोगी पडते, पण तूट भरून काढते म्हणून नव्हे, एवढे त्यातून निघते.

मग कसे? सेरोटोनिन पुन्हा आत ओढून घेणारी यंत्रणा ही गोळी काही तासांतच रोखते, तरी मन सुधारायला आठवडे लागतात. या मधल्या काळात काय घडते, याचा शोध संशोधकांना मेंदूच्या लवचीकतेकडे घेऊन गेला. २००८ मध्ये सायन्स या नियतकालिकात प्रसिद्ध झालेला एक प्रयोग मी श्री. म. यांना सविस्तर सांगितला. लहानपणी एक डोळा झाकलेला ठेवल्याने ज्या उंदरांची त्या डोळ्याची दृष्टी मंद राहिली होती, अशा प्रौढ उंदरांना याच वर्गातील फ्लुऑक्सेटिन हे औषध देण्यात आले. एरवी या वयात ती दृष्टी सुधारत नाही. औषधाच्या जोडीला चांगला डोळा झाकून मंद डोळ्याला काम करणे भाग पाडले, तेव्हा ती सुधारली. औषधाने बदलाची मुभा दिली, आणि बदल कोणत्या दिशेने व्हायचा ते वापराने ठरवले. पुढे २०२१ मध्ये, चेतापेशींची वाढ आणि जोडण्या यांत भाग घेणाऱ्या ट्रॅक-बी या ग्राहकाला, म्हणजे पेशीवरील संदेश टिपणाऱ्या प्रथिनाला, ही औषधे थेट चिकटतात, असेही दाखवले गेले.

येथपर्यंत सांगून थांबणे सोपे होते आणि ते दिशाभूल करणारे झाले असते. माणसांवर हाच विचार वापरून पाहिला, तेव्हा निकाल इतके चांगले आले नाहीत. प्रौढांच्या मंद दृष्टीवर दृष्टीच्या सरावाबरोबर फ्लुऑक्सेटिन देऊन पाहिले, त्यात औषधाचा वेगळा फायदा आढळला नाही. पक्षाघाताच्या रुग्णांमध्ये २०११ च्या ११८ रुग्णांच्या फ्रेंच चाचणीने हातापायांची हालचाल अधिक सुधारते अशी मोठी आशा निर्माण केली होती, पण २०१८ मध्ये ब्रिटनमधील ३,१२७ रुग्णांच्या चाचणीत रोजच्या हालचालींत फरक पडला नाही आणि हाडे मोडण्याचे प्रमाण मात्र वाढले. गोळीने मेंदू हवा तसा घडवता येतो, असे म्हणायला आधार नाही.

सरावाने मेंदू बदलतो, याला मात्र माणसांतच भक्कम आधार आहे. लंडनमध्ये टॅक्सीचा परवाना मिळवण्यासाठी शहरातील हजारो रस्ते तोंडपाठ करावे लागतात. २०११ च्या अभ्यासात शिकाऊ चालकांचे मेंदू आधी आणि काही वर्षांनी तपासले, तेव्हा परीक्षा उत्तीर्ण झालेल्यांच्या हिप्पोकॅम्पसच्या, म्हणजे स्मृती आणि दिशाज्ञानाशी संबंधित मेंदूच्या भागाच्या, मागच्या बाजूस वाढ दिसली. अनुत्तीर्ण झालेल्यांत ती नव्हती. श्री. म. यांनी यावर विचारले, ‘म्हणजे अर्धवट सराव केला तर काहीच नाही?’ त्याचे उत्तर त्या अभ्यासात नाही, असे त्यांना सांगितले.

केलेली कृती

सराव कशाचा करायचा, हे मुलीच्या वाक्यावरून ठरले. बोलण्याची क्षमता त्यांच्यात होती, घरात ती वापरातही होती. बाहेर तिचा वापर होत नव्हता, कारण समोरचा नाराज होईल या भीतीची परीक्षा त्यांनी कधी घेतलीच नव्हती. म्हणून विवेकनिष्ठ वर्तनोपचाराच्या पद्धतीने, सोप्याकडून कठीणाकडे, छोट्या कृती आखल्या. वहीत दोन रकाने होते : काय होईल असे वाटते, आणि काय झाले.

एक नोंद त्यांच्या परवानगीने देतो. ‘महिनाअखेर. साहेबांनी साडेसातला थांबायला सांगितले. वाटले : नाही म्हटले तर पगारवाढीत दिसेल. म्हटले : सकाळी लवकर येऊन करतो. झाले : साहेब म्हणाले, ठीक आहे, आणि त्यांच्या फोनकडे वळले.’ खाली पेन्सिलने लिहिले होते : ‘त्यांना काहीच वाटले नाही. मला गाडीत पनवेलचा माणूस भेटेपर्यंत धडधड होती.’ ही धडधड महत्त्वाची होती. औषध चालू असूनही भीती पूर्ण गेलेली नव्हती, म्हणजेच सरावाला वाव होता. विवरणपत्र भरल्यावर ते एकदाच तपासायचे आणि लॅपटॉप मुलीच्या खोलीत ठेवायचा, हाही नियम झाला. तो पहिल्या महिन्यात दोनदा मोडला.

दादांचा विषय मुद्दाम शेवटी ठेवला होता, पण दादांनी बिले पाठवून तो आधीच सोडवला. बिले बरोबर होती. श्री. म. यांनी रक्कम पाठवली आणि फोन करून आभार मानले. संबंध दुरावतील ही भीती जितकी मोठी होती, तितका तो प्रसंग मोठा नव्हता.

पत्नीसाठी दोन स्वतंत्र भेटी झाल्या. पतीच्या गप्प राहण्यामुळे बाहेरचे सगळे व्यवहार वर्षानुवर्षे त्यांच्या अंगावर पडले होते आणि त्यांनी ते उत्तम सांभाळले होते. आता त्यांचे स्थान काय, हा त्यांच्या प्रश्नाचा न बोललेला भाग होता. तो उघड झाल्यावर ‘गोळी बोलते आहे’ ही तक्रार बरीच मवाळ झाली.

दुसरा पेच : वर्षश्राद्ध

सहाव्या महिन्यात माघ आला. आईच्या वर्षश्राद्धाला श्री. म. यांनी पिंडदान केले, पंगतीत वाढले, बहिणी रडल्या तेव्हा त्यांना पाणी दिले. स्वतःला काही वाटले नाही. त्यानंतर आठवड्याने तुर्भ्याजवळ गाडीत असताना मुलीचा संदेश आला की तिला पहिली नोकरी मिळाली. ‘आनंद व्हायला हवा हे कळले,’ ते म्हणाले, ‘झाला नाही. अंगठा दाखवणारे चित्र पाठवले आणि खिडकीबाहेर पाहत बसलो.’

ही तक्रार वरवर पाहता सप्टेंबरमधल्या तक्रारीसारखीच होती : औषधाने माणूस बदलला. पण या वेळी ती रुग्णाने स्वतः मांडली होती, आणि ती त्याला नको असलेल्या बदलाविषयी होती. भावना बोथट होणे हा या औषधांचा ओळखीचा परिणाम आहे. नैराश्यरोधक औषधे घेणाऱ्या ६६९ जणांच्या २०१७ मधील पाहणीत ४६ टक्के लोकांनी तो असल्याचे सांगितले. यांपैकी किती बोथटपणा आजाराचा उरलेला अंश असतो, हे अशा पाहणीतून वेगळे करता येत नाही. २०२३ मध्ये केंब्रिज आणि कोपनहेगन येथील संशोधकांनी निरोगी स्वयंसेवकांना तीन आठवडे किंवा अधिक काळ एस्सिटॅलोप्रॅम दिले, तेव्हा बक्षीस मिळते की नाही यावरून शिकण्याची संवेदनशीलता त्यांच्यात कमी झालेली आढळली. आजार नसतानाही हे दिसते, म्हणजे त्यात औषधाचा वाटा आहे.

ताबडतोब बंद करणे, दुसऱ्या प्रकारचे औषध देणे, डोस कमी करणे आणि आणखी थांबणे असे चार मार्ग मानसोपचारतज्ज्ञांनी मांडले. बरे वाटू लागल्यानंतरही किमान सहा महिने औषध चालू ठेवावे, असा सर्वसाधारण प्रघात आहे आणि ती मुदत अजून भरलेली नव्हती, म्हणून बंद करणे मागे पडले. प्रश्नावलीवरील गुण ४ होते, म्हणजे बोथटपणा हे नैराश्याचे पुनरागमन असण्याची शक्यता कमी. त्यामुळे चालणारे औषध बदलण्याऐवजी डोस ७.५ मिलिग्रॅम करायचे ठरले : १० ची अर्धी आणि ५ ची अर्धी. लगेच काही घडले नाही. पण पाचव्या आठवड्यात जुन्या फोनमध्ये आईचा आवाज सापडला आणि ते स्वयंपाकघरात उभ्या उभ्या रडले. पत्नीने त्याच रात्री संदेश पाठवून घाबरून विचारले की हे पुन्हा सुरू झाले का. झोप, भूक आणि काम व्यवस्थित होते. पुन्हा सुरू झालेले नव्हते.

याच सुमारास झालेल्या भेटीत लैंगिक इच्छा कमी झाल्याचे श्री. म. यांनी प्रथमच सांगितले. ती गोळी सुरू झाल्यापासून कमी होती. कोणी विचारले नव्हते, आणि ते आपणहून सांगणाऱ्यांतले नव्हते.

औषध उतरवणे

वर्ष पूर्ण झाल्यावर बंद करण्याचा विषय श्री. म. यांनी काढला. निर्णयापूर्वी त्यांना एक आकडा सांगण्यात आला. २०२१ मध्ये ब्रिटनमध्ये, दीर्घकाळ औषध घेणाऱ्या आणि बरे असलेल्या ४७८ जणांच्या चाचणीत, ५२ आठवड्यांत औषध चालू ठेवणाऱ्यांपैकी ३९ टक्क्यांचे आणि हळूहळू बंद करणाऱ्यांपैकी ५६ टक्क्यांचे नैराश्य परतले. त्यांनी हे दोन्ही आकडे वहीत लिहून घेतले आणि म्हणाले, ‘म्हणजे घेऊनही परत येऊ शकते, आणि सोडूनही नाही येऊ शकत.’ बरोबरच होते. हा त्यांचा पहिलाच झटका होता, तो एका ठळक दुःखानंतर आला होता आणि घरचा आधार होता, म्हणून उतरवण्याच्या बाजूने कौल गेला.

शेवटचे काही मिलिग्रॅम सर्वांत सावकाश काढायचे, हे येथे नीट पाळले गेले. डोस आणि मेंदूवरील परिणाम यांचे नाते सरळ रेषेचे नसते. १० वरून ५ वर आल्याने परिणाम निम्मा होत नाही, आणि २.५ वरून शून्यावर येताना मात्र मोठी घसरण होते. २०१९ पासून या मुद्द्यावर मानसोपचाराच्या क्षेत्रात बरीच चर्चा झाली आहे. २.५ वर असताना त्यांना मान वळवली की डोक्यात वीज चमकल्यासारखे होई आणि विचित्र स्वप्ने पडत. डोस उतरवल्यावर काही दिवसांतच आलेली आणि नैराश्यात पूर्वी नसलेली ही लक्षणे औषध सुटण्याची होती, आजाराची नव्हेत. त्या पायरीवर महिनाभर जास्त थांबल्यावर ती गेली.

निष्पत्ती

गोळी बंद होऊन वर्ष होत आले आहे. श्री. म. पुन्हा चिंता करतात. गाडीत अनोळखी माणसाशी सहज गप्पा सुरू होत, ते बंद झाले आहे आणि त्याची त्यांना थोडी खंत आहे. दुसऱ्या वर्षीच्या सभेत त्यांनी प्रश्न विचारला, पण कागदावर लिहून नेला होता आणि वाचताना कागद हलत होता. दादांकडून बिले मागणे आता दोघांनाही नेहमीचे झाले आहे. विवरणपत्र एकदाच तपासण्याचा नियम बहुतेक महिने टिकतो.

यात एक रेघ दिसते. ज्या गोष्टींचा सराव झाला त्या बऱ्याच अंशी राहिल्या, आणि औषधाबरोबर आयत्या आलेल्या ओसरल्या. ही रेघ मला पटते, म्हणूनच तिच्याविषयी सावध राहायला हवे. याच काळात दुःखाला वर्ष उलटले, मुलगी कमावती झाली, पत्नीने काही कामे आपणहून त्यांच्याकडे सोपवली. यांपैकी कशाचा वाटा किती, हे एका माणसाच्या गोष्टीवरून ठरत नाही. स्वभाव उपचारांनी काही प्रमाणात हलतो, हे मात्र या एका प्रकरणाच्या पलीकडेही दिसते. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या २०७ अभ्यासांच्या आढाव्यात असा बदल आढळला, आणि तो सर्वाधिक भावनिक स्थैर्यात होता.

वेगळे काय करता आले असते

पहिली गोळी देण्यापूर्वी पत्नी आणि मुलगी या दोघींकडून, वेगवेगळे बसवून, आजारापूर्वीच्या वागण्याची अर्ध्या पानाची नोंद घेतली असती तर सातव्या आठवड्यातला वाद आठवणींवर लढवावा लागला नसता. यासाठी मोठी चाचणी लागत नाही. ‘नाही म्हणायची वेळ आली तर ते काय करतात’ यासारखे चार-पाच प्रश्न पुरतात.

औषधाने मळमळ होईल, झोप बदलेल, हे कुटुंबाला सांगितले जाते. माणूस अधिक बोलू लागेल, कदाचित कमी घाबरेल, कदाचित कमी रडेल, हे सांगितले जात नाही. ते आधी सांगितले असते तर दादांच्या वाक्याला नात्यात एवढे वजन मिळाले नसते. लैंगिक परिणामांविषयी आणि भावना बोथट होण्याविषयी प्रत्येक भेटीत थेट विचारायला हवे होते. भिडस्त माणूस ते सांगेल अशी वाट पाहणे म्हणजे ज्या अडचणीवर उपचार चालू आहे, तीच गृहीत न धरणे होय.

डोस सप्टेंबरमध्ये न उतरवता फेब्रुवारीत उतरवला, हा निर्णय आजही योग्य वाटतो. पण बोथटपणाची चौकशी चौथ्या महिन्यातच झाली असती, तर वर्षश्राद्धाआधी डोस कमी करता आला असता की नाही, यावर माझे आणि मानसोपचारतज्ज्ञांचे मत वेगळे आहे. त्यांच्या मते तेव्हा ते घाईचे ठरले असते.

नैराश्य परतल्यास काय करायचे, याचा एक कागद तिघांनी मिळून केला आहे. सलग दोन आठवडे पहाटे तीनला जाग, विवरणपत्र दोनदापेक्षा जास्त तपासणे आणि दादांचा फोन न उचलणे, ही त्यातील खुणांची यादी. पत्नीने तीत एक भर घातली : ‘मुलीशीही कमी बोलणे.’ यांपैकी दोन खुणा दिसल्या तर आठवड्याच्या आत भेट घ्यायची. तेव्हा गोळी पुन्हा सुरू करायची की आधी भेटी वाढवायच्या, हे कागदावर मुद्दाम लिहिलेले नाही. ते त्या भेटीत, त्या वेळचे गुण पाहून ठरेल.